टॅक्सीवर सरकारी नियम हवेत की नकोत? मोपाच्या दारात खरा वाद रिकाम्या परतीचा

पार्से : मोपाचा विमानतळ आणि मोरजी-मांद्रेचा किनारा यांच्या मधल्या पट्ट्यात पार्से येते. पेडणे तालुक्यातल्या इतर गावांप्रमाणे इथेही शेती-बागायतीच्या जोडीला टॅक्सी हा घर चालवायचा धंदा आहे. बँकेचे किंवा सोसायटीचे कर्ज काढायचे, गाडी घ्यायची, परमिट काढायचे आणि हॉटेलच्या नाहीतर विमानतळाच्या लाईनीत नंबर लावायचा. सीझन चांगला गेला तर हप्ते वेळेवर जातात. पावसाळ्यात मात्र गाडी अंगणात आणि हप्ता डोक्यावर.

उलट बाजूला प्रवासी आहे. तो विमानातून उतरतो, पंचवीस-तीस किलोमीटरचे भाडे ऐकतो आणि म्हणतो, एवढ्यात तर आमच्याकडे अर्धे शहर फिरून होते. मुंबई, पुणे, बेंगळुरूला सवय झालेली ओला-उबर गोव्यात चालत नाही, हे त्याला इथे आल्यावर कळते. मग समाजमाध्यमांवर 'टॅक्सी माफिया' हा शब्द फिरतो, इकडून 'भूमिपुत्रांच्या पोटावर पाय' असे उत्तर जाते आणि चर्चा तिथेच अडकते.

या भांडणात एक प्रश्न हमखास विचारला जातो. सरकारने टॅक्सी आणि अ‍ॅपवाल्या कंपन्यांवर नियंत्रण ठेवावे, की बाजारावर सोडून द्यावे? ऐकायला सोपा वाटला तरी गोव्यापुरता हा प्रश्न थोडा चुकीचा आहे. टॅक्सीवर नियम आजही भरपूर आहेत. ते नेमके कुठे लागतात आणि कुठे लागत नाहीत, हे पाहिले तर वाद बराच स्पष्ट होतो.

नियम आहेत, पण कुठवर?

मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे भाड्याने माणसे नेणाऱ्या गाडीला परमिट लागते. पिवळी नंबरप्लेट, विमा, ठरावीक मुदतीने पासिंग, हे सगळे आले. त्याच कायद्याच्या कलम 67 खाली भाड्याचे दर ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, आणि गोवा सरकारही टॅक्सीचे दर अधिसूचना काढून जाहीर करते. कागदावर सगळे ठीक आहे.

आता एक गंमत पाहा. टॅक्सींची संख्या मर्यादित ठेवण्याची तरतूदही या कायद्यात आहे, कलम 74 मध्ये. पण ती पाच लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांपुरती, आणि तीसुद्धा केंद्राने सांगितले तर. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. पाच लाखांचे शहर इथे नाहीच. म्हणजे परमिट मिळवणे हा गोव्यात फारसा मोठा अडथळा नाही. अडथळा पुढे येतो, गाडी उभी कुठे करायची या ठिकाणी.

प्रत्येक मोठ्या हॉटेलबाहेर, किनाऱ्याच्या तोंडावर, विमानतळावर स्टँड आहे. प्रत्येक स्टँडची संघटना आहे, लाईन आहे, आणि तिथे कोणी उभे राहायचे हे वाहतूक खात्यापेक्षा संघटना ठरवते. कायद्याने न घातलेली मर्यादा अशी स्टँडवर घातली जाते. हे सगळे वाईटच असते असे नाही. लाईन असल्यामुळे मारामाऱ्या टळतात, प्रत्येकाला भाडे मिळते, ओळखीचा ड्रायव्हर असल्यामुळे हॉटेलवालाही निर्धास्त असतो. पण बाहेरच्या गाडीने तिथून भाडे उचलायचे नाही, हा अलिखित नियम सरकारच्या सगळ्या लेखी नियमांपेक्षा कडक पाळला जातो.

लेखी नियमांचे काय झाले? मीटर घ्या. टॅक्सीला मीटर हवा, ही मागणी गोव्यात कितीतरी वर्षांची. ट्रॅव्हल अँड टुरिझम असोसिएशन ऑफ गोवा ही पर्यटन व्यावसायिकांची संघटना त्यासाठी उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने तगादा लावल्यावर 2021 मध्ये डिजिटल मीटर बसवायला सुरुवात झाली आणि त्याचा खर्च सरकारने परत देऊ केला. मीटर बसले. मात्र मीटर पाडून, पावती देऊन भाडे घेतले जाते का, याचे उत्तर गोव्यात टॅक्सीने फिरलेल्या कुणालाही विचारावे. त्याआधी जानेवारी 2018 मध्ये वेगमर्यादा यंत्राच्या सक्तीवरून टॅक्सींचा संप झाला होता. नियम यायचा, संप व्हायचा, मुदत मिळायची, असा हा सिलसिला आहे.

'गोवा माईल्स'ही याच सिलसिल्यातले. ऑगस्ट 2018 मध्ये गोवा पर्यटन विकास महामंडळाने खासगी कंपनीबरोबर हे अ‍ॅप आणले. म्हणजे सरकारने अ‍ॅपला विरोध केला असे नाही, उलट स्वतःच्या महामंडळामार्फत एक अ‍ॅप आणून बसवले. बाकीच्या टॅक्सीवाल्यांना वाटले, परवाना देणारे सरकारच आता धंद्यात उतरले. ऑगस्ट 2019 मध्ये त्याविरुद्ध संप झाला, 2021 मध्ये पणजीच्या आझाद मैदानावर धरणे झाले. नियम करणारा आणि धंदा करणारा एकाच घरातला दिसला की नियमांवर विश्वास बसत नाही. टॅक्सीवाल्यांचा हा मुद्दा बरोबर होता, मग त्यांच्या बाकीच्या मागण्या पटोत न पटोत.

रिकाम्या परतीचे गणित

गोव्यातली टॅक्सी महाग का, याचे 'लूट' हे एका शब्दातले उत्तर पुरेसे नाही. थोडा हिशेब करून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत.

समजा मोपाहून किनाऱ्यावरचे हॉटेल 25 किलोमीटरवर आहे. पार्सेचा एक ड्रायव्हर प्रवाशाला तिथे सोडतो. आता तो त्या हॉटेलच्या दारात उभा राहून परतीचे भाडे घेऊ शकत नाही, कारण तिथे दुसऱ्यांचा स्टँड आहे. तो रिकामा परत फिरतो. गाडी एकूण 50 किलोमीटर धावली. इंधन, टायर, झीज धरून किलोमीटरला 10 रुपये धरले तर खर्च 500. लाईनीत काही तास थांबून मिळालेल्या या भाड्यातून हप्ता आणि घरखर्च काढायला त्याला आणखी 500 हवेत. म्हणून तो हजार सांगतो. प्रवासी 25 किलोमीटरने भागतो आणि म्हणतो, किलोमीटरला 40 रुपये! दोघांचेही गणित आपापल्या जागी बरोबर आहे. प्रवासी 25 किलोमीटर मोजतो, ड्रायव्हर 50.

आता परतीच्या वाटेवर त्याला मोपाचेच दुसरे भाडे मिळाले असे धरा. खर्च तोच, 500. ड्रायव्हरला 500 ऐवजी 700 सुटावेत असे धरले, तरी दोन फेऱ्यांचे मिळून 1200 लागतात. म्हणजे प्रत्येक प्रवाशाला 600. प्रवाशाचे 400 वाचले, ड्रायव्हरला 200 जास्त मिळाले. हे पैसे कुणाच्या खिशातून काढलेले नाहीत. रिकामी धावणारी गाडी भरून धावली, एवढेच.

अ‍ॅपची सगळी जादू म्हणतात ती एवढीच आहे. जवळची रिकामी गाडी आणि जवळचा उभा प्रवासी यांची गाठ घालून देणे. ही गाठ स्टँडची पद्धत घालू देत नाही, कारण स्टँड दुसऱ्याच्या गाडीला अडवण्यासाठीच आहे. गंमत अशी की जो ड्रायव्हर आपल्या स्टँडवर दुसऱ्याला अडवतो, तोच दुसऱ्याच्या स्टँडवर अडवला जातो. आपल्या दारात राखलेले भाडे आणि दुसऱ्याच्या दारात गमावलेले भाडे, यांचा ताळेबंद कोणी मांडत नाही.

अ‍ॅप आले म्हणजे काय होईल?

म्हणून अ‍ॅप येऊ द्या आणि बाजूला व्हा, असे म्हणावे तर तिथेही खड्डा आहे.

केंद्राने 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून अ‍ॅपवाल्या कंपन्यांना, म्हणजे 'अ‍ॅग्रिगेटर'ना, कलम 93 खाली परवान्याच्या कक्षेत आणले. 2020 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली, आणि जुलै 2025 मध्ये नवी. नव्या तत्त्वांप्रमाणे राज्याने मूळ भाडे ठरवायचे. गर्दीच्या वेळी कंपनी त्याच्या दुपटीपर्यंत भाडे लावू शकते आणि मंदीच्या वेळी निम्म्यापर्यंत उतरवू शकते. गाडी ड्रायव्हरची स्वतःची असेल तर भाड्यातला किमान 80 टक्के वाटा त्याला द्यायचा. ही तत्त्वे राज्यांनी स्वीकारायची आहेत. ती आपोआप लागू होत नाहीत.

वरच्या उदाहरणात हे बसवून पाहा. ड्रायव्हरच्या हाती दोन फेऱ्यांचे 1200 पडायचे आणि कंपनीने 20 टक्के घ्यायचे, तर प्रवाशांकडून 1500 घ्यावे लागतील, फेरीला 750. हजारापेक्षा तरीही कमी. पण 300 रुपये गोव्याबाहेर गेले. हे भाडे मूळ भाडे म्हणून ठरले असे धरा. जुलैत, धो धो पावसात, कंपनीने गिऱ्हाईक ओढायला ते निम्मे केले, 375. त्यातले 300 ड्रायव्हरला. परतीचे भाडे मिळाले तर दोन फेऱ्यांचे 600, खर्च 500, दिवसाच्या कामाचे उरले 100. परतीचे नाही मिळाले तर 300 ची जमा आणि 500 चा खर्च. खिशातले 200 घालून प्रवाशाला सोडून आला. आणि ख्रिसमस-नववर्षाला हेच भाडे दीड हजार, तेही कायदेशीर.

म्हणजे आज लूट म्हणून ज्याच्या तक्रारी होतात, ती उद्या 'सर्ज' या नावाने अधिकृत होऊ शकते. आणि आज टॅक्सीवाला ज्या पावसाळ्याला घाबरतो, तो अ‍ॅपमध्ये आणखी कडक होऊ शकतो. शेवटी सारे मूळ भाडे किती आणि खालची मर्यादा कुठे, यावर अडते. तो अधिकार दिल्लीचा किंवा कंपनीचा नाही, गोवा सरकारचा आहे. किनारपट्टीच्या राज्याने पावसाळ्यासाठी खालची मर्यादा वेगळी ठेवावी, ही मागणी टॅक्सी संघटनांनी लावून धरली असती तर तिला वजन आले असते. त्यांनी मात्र अ‍ॅपच नको ही मागणी धरली.

मे 2025 मध्ये गोवा सरकारने अ‍ॅग्रिगेटरसाठी स्वतःच्या मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा जाहीर करून हरकती मागवल्या. टॅक्सी व्यावसायिकांनी कडाडून विरोध केला, काही आमदारही त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि सरकारने पाऊल मागे घेतले. पुन्हा तोच सिलसिला. मसुद्यातले कोणते कलम वाईट आणि कोणते ठेवण्यासारखे, ही चर्चा झालीच नाही.

ओला-उबर नाहीतर काहीच नाही, अशी स्थिती मात्र नाही. बेळगाव-बेंगळुरूच्या वाचकांना 'नम्मा यात्री' माहीत असेल. 2022 मध्ये बेंगळुरूच्या रिक्षावाल्यांच्या संघटनेला सोबत घेऊन ते सुरू झाले. तिथे प्रत्येक भाड्यातून टक्केवारी कापत नाहीत. ड्रायव्हर ठरावीक लहान रक्कम भरतो आणि भाडे पूर्ण त्याचे. केरळ सरकारनेही त्याच वर्षी 'केरळ सवारी' आणले. स्टँडच्या संघटनांनी मिळून असे एखादे अ‍ॅप चालवले तर परतीचे भाडेही मिळेल आणि 300 रुपयेही गावातच राहतील. त्यासाठी एका स्टँडने दुसऱ्या स्टँडच्या गाडीला आपल्या दारात येऊ द्यावे लागेल. घोडे तिथेच पेंड खाते.

'जमिनी आमच्या गेल्या'

पेडण्यात या वादाला आणखी एक धार आहे, जी पुण्या-मुंबईत नाही. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ 11 डिसेंबर 2022 रोजी उद्घाटन होऊन 5 जानेवारी 2023 पासून वाहतुकीला खुला झाला. त्यासाठी मोपा, वारखंड, चांदेल, कासारवर्णे परिसरातल्या लोकांच्या जमिनी गेल्या. काजूच्या बागा, कुमेरी, चराऊ पठार. बदल्यात रोजगार मिळेल असे सांगितले गेले. विमानतळाच्या आत नोकऱ्यांना शिक्षण लागते, स्पर्धा आहे. ज्याच्याकडे दहावी-बारावी आणि ड्रायव्हिंग लायसन्स आहे, त्याला विमानतळ म्हणजे टॅक्सी. म्हणून विमानतळ सुरू होताच पेडण्याच्या टॅक्सीवाल्यांनी स्वतंत्र काउंटरसाठी आंदोलन केले. पुढे गोवा माईल्सचा तिथला काउंटर आणि पार्किंगचे शुल्क यांवरूनही आंदोलने झाली.

बाहेरच्यांना हा हट्ट वाटतो. पण ज्याने विमानतळाच्या भरवशावर पाच-सात वर्षांचे कर्ज काढले, त्याच्यासाठी नियम बदलणे म्हणजे मधेच कराराच्या अटी बदलणे. न्यूयॉर्कमध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडलेले आहे. तिथे 1937 पासून टॅक्सींची संख्या कायद्याने बांधलेली होती, त्यामुळे परवान्याच्या बिल्ल्याची किंमत चढत चढत 2014 च्या सुमारास दहा लाख डॉलरच्या घरात गेली. अ‍ॅपच्या गाड्या मोकळ्या सुटल्या तशी ती कोसळली. कर्ज काढून बिल्ला घेतलेले, बहुतेक बाहेरदेशांतून आलेले ड्रायव्हर बुडाले. 2018 मध्ये काहींनी आत्महत्या केल्या. त्यानंतर शहराने अ‍ॅपच्या नव्या गाड्यांवर मर्यादा घातली आणि ड्रायव्हरच्या किमान कमाईचा नियम केला. आधी करायचे ते नंतर केले. पेडण्यात बिल्ला नाही, पण लाईनीतला नंबर हा त्याचाच धाकटा भाऊ आहे.

तरीही जमीन गेल्याचा मोबदला प्रवाशाच्या भाड्यातून वसूल करणे हा न्याय नव्हे. जमीन सरकारने घेतली, विमानतळ कंपनी चालवते, आणि भरपाई करतो तो बांद्याहून आलेला रुग्ण नाहीतर सुट्टीला आलेला शिक्षक. विस्थापितांना पहिली पसंती द्यायची असेल तर ती काउंटरवर, पार्किंगच्या शुल्कात, कर्जाच्या व्याजात देता येते. पावती न देता सांगितलेल्या भाड्यात ती लपवली की ज्याची जमीन गेली त्याला आणि ज्याची गेली नाही त्याला सारखीच मिळते.

पत्रादेवीच्या अलीकडे-पलीकडे

मोपा नुसता गोव्याचा विमानतळ नाही. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, वेंगुर्ले या भागाला तो जवळचा आहे. चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला खरा, पण मोपाइतकी विमाने तिथे कुठून असणार? बेळगाव, चंदगडचे लोकही चोर्ला घाटातून किंवा आंबोलीतून उतरून मोपा गाठतात. शिवाय बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज हे सिंधुदुर्गातल्या रुग्णांचे वर्षानुवर्षांचे ठिकाण.

या लोकांसाठी टॅक्सीचा नियम राज्याच्या हद्दीवर बदलतो. एमएच 07 ची टुरिस्ट परमिटची गाडी आधी ठरवलेला प्रवासी घेऊन गोव्यात येऊ शकते, ठरवलेल्याला न्यायलाही येऊ शकते. केंद्राच्या अखिल भारतीय परमिटचे नियम त्यासाठीच आहेत. पण ती गोव्यात स्टँडवर उभी राहून भाडे शोधू शकत नाही. गोव्याच्या गाडीला सावंतवाडीत हेच लागू. कायद्याच्या दृष्टीने हा फरक साफ आहे. रस्त्यावर तो साफ राहत नाही. फोनवरून ठरवलेले भाडे 'ठरवलेले' की 'शोधलेले', याचा निवाडा विमानतळाबाहेर उभे असलेले लोक करू लागतात. परिणाम असा की बांद्याहून मोपाला माणूस सोडायला आलेली गाडी रिकामी परत जाते, मोपाहून बांद्याला गेलेली गाडी रिकामी परत येते, आणि पत्रादेवीच्या नाक्यावर दोन रिकाम्या गाड्या एकमेकींना ओलांडतात. दोन्ही फेऱ्यांचे दुहेरी भाडे दिलेले असते ते सीमेवरच्या मराठी माणसानेच.

हे एका राज्याच्या अधिसूचनेने सुटणार नाही. गोवा आणि महाराष्ट्र यांच्यात एसटी आणि कदंबच्या फेऱ्यांसाठी समझोता असतो, तसा पेडणे-बार्देश-डिचोली आणि सावंतवाडी-वेंगुर्ले-दोडामार्ग एवढ्यापुरता टॅक्सीचा समझोता करायला कायद्याची आडकाठी नाही. कलम 88 मध्ये राज्याराज्यांतल्या अशा करारांची तरतूद आहे. ठरावीक संख्येच्या गाड्यांना दोन्ही बाजूंनी भाडे उचलायची मुभा दिली तर सुरुवात होईल.

गोव्याला हे जमणार नाही असे मानायचे कारण नाही. मोटारसायकल टॅक्सी कायदेशीर की बेकायदेशीर यावर महाराष्ट्र आणि कर्नाटकात कोर्टकज्जे झाले. गोव्यात पिवळ्या-काळ्या रंगाचे परवानाधारक 'पायलट' कित्येक दशके माणसे नेत आहेत. देशाला नंतर सुचलेली गोष्ट इथे आधीपासून नियमात होती.

सध्या मोपाहून जाणाऱ्या प्रवाशापुढे काउंटरच्या टॅक्सीखेरीज कदंबच्या बसचा पर्याय आहे. पणजी, म्हापशाकडे जाणाऱ्याला तो बरा. मोरजी-मांद्रेला किंवा बांद्याला रात्रीच्या विमानाने उतरणाऱ्याला नाही. पुष्कळ पर्यटक हल्ली भाड्याची गाडी स्वतःच चालवतात, आणि त्यात काळ्या प्लेटच्या परवानाधारक रेंट-अ-कॅबबरोबर पांढऱ्या प्लेटच्या खासगी गाड्याही बेकायदा भाड्याने जातात. टॅक्सीचे गिऱ्हाईक अशा रीतीने अ‍ॅप न येताही कमी होते आहे. त्याविरुद्ध संप करायचा तरी कोणाविरुद्ध? मीटरचा दर, पावसाळ्याची किमान मर्यादा, परतीचे भाडे उचलायची मुभा आणि सीमेवरचा समझोता, या चार गोष्टी वाहतूक खात्याच्या टेबलावर एकत्र यायला हव्यात, आणि त्या बैठकीला सिंधुदुर्गाचा कोणीतरी असायला हवा. आजवर मोपाच्या टॅक्सीवरच्या बैठका पणजीत झाल्या, आणि त्यांत बोलला तो गोव्याचा टॅक्सीवाला, गोव्याचे सरकार आणि गोव्याचा हॉटेलवाला.